लसींचा एकही कागद नाही आणि ग्रीन कार्डचं मेडिकल तोंडावर आलंय? मग हे वाचा

आईला सांगलीला फोन लावला आणि विचारलं की माझं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड कुठंय, तर म्हणाली "अगं सगळ्या लशी टोचल्यात तुला, मी स्वतः कडेवर घेऊन गेलेय, त्या नर्सबाईंना बघून तू असा टाहो फोडायचीस की अख्खी गल्ली..." आणि मग पंधरा मिनिटं माझ्या टाहोची गोष्ट. कार्ड मात्र नाही. २००५ च्या पुरात थोडे कागद गेले आणि जे माळ्यावर उरले होते ते २०१९ मध्ये गेले. आणि इकडे न्यू जर्सीत आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही उभे राहिलो ती तारीख, दहा-बारा वर्षांच्या तपश्चर्येनंतर एकदाची व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कोणाचा नंबर आला ते सांगणाऱ्या सरकारी पत्रकात, दिसायला लागलेली, वकिलाचा ईमेल की आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) सोबत आय-६९३ (मेडिकलचा फॉर्म) पण लागेल, लवकर मेडिकल करून घ्या.

तर ज्यांच्याकडे कागद नाही, कार्ड नाही, गावाकडचे डॉक्टर केव्हाच रिटायर झालेत, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. हे अमेरिकेत राहून आय-४८५ भरणाऱ्यांचं आहे. ज्यांचा इमिग्रंट व्हिसा मुंबईच्या कॉन्सुलेटमधून होणार आहे त्यांना तिकडच्या ठरलेल्या पॅनल डॉक्टरांकडे जावं लागतं, फॉर्म आणि रांग दोन्ही वेगळं, त्यात मी पडत नाही.

आधी एक गंमत. आपल्याकडे सिव्हिल सर्जन म्हटलं की जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याचे मोठे साहेब डोळ्यासमोर येतात, ज्यांच्या सहीसाठी लोक सकाळपासून बाकड्यावर बसतात. इथे सिव्हिल सर्जन म्हणजे यूएससीआयएसने, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याने, या तपासणीसाठी नेमलेला कुठलाही डॉक्टर, बहुतेक वेळा साधा फॅमिली डॉक्टर, स्ट्रिप मॉलमध्ये पिझ्झाच्या दुकानाशेजारी बसलेला पण असू शकतो. पण आय-६९३ वर सही फक्त त्याचीच चालते. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरचं नाव त्या यादीत नसेल तर तो कितीही चांगला असो, सही चालणार नाही. यादी यूएससीआयएसच्या साइटवर झिपकोड टाकला की मिळते.

आता मुद्द्याचं. सिव्हिल सर्जनला तीनच गोष्टी कळतात: कागद, रक्त आणि सुई. म्हणजे एकतर लस घेतल्याचा तारखेसकट लेखी पुरावा दाखवा, नाहीतर रक्ताची तपासणी करून शरीरात प्रतिकारशक्ती आहे हे दाखवा, ज्याला इथे टायटर म्हणतात, आणि दोन्ही नसेल तर बाही वर करा. "आई म्हणते घेतलीये" याला किंमत शून्य. तोंडी सांगितलेली लस धरायची नाही असा सीडीसीचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा, स्पष्ट नियमच आहे, त्यामुळे डॉक्टरशी वाद घालण्यात काही अर्थ नाही, तो बिचारा त्याचं पुस्तक फॉलो करतोय.

याला एकच सुंदर अपवाद आहे, कांजिण्या. कांजिण्या होऊन गेल्याचं तुम्ही तोंडी सांगितलं आणि डॉक्टरला ते पटलं तर चालतं, फॉर्मवर त्या रकान्यात 'व्हीएच' असं लिहितात, म्हणजे व्हॅरिसेला हिस्टरी. मला पाचवीत असताना झालेल्या, डॉक्टरने विचारलं किती वर्षांची होतीस, फोड कुठून सुरू झाले, घरात अजून कोणाला झालं का, मी सांगितलं की धाकट्या भावाला माझ्याकडूनच झालं आणि आम्हाला दोघांना कडुलिंबाच्या पाल्यावर झोपवलेलं. पाल्याचं त्याला काही कळलं नाही पण बाकीचं पटलं. एक सुई वाचली. नवऱ्याला मात्र कधीच झाल्या नव्हत्या, त्याने प्रामाणिकपणे तसं सांगितलं आणि सुई खाल्ली. इथे एक काळजी घ्या, आपल्याकडे गोवर आणि कांजिण्या बोलताना एकत्रच येतात, "गोवर-कांजिण्या झालेल्या" असं सरसकट म्हणतात. घरी नीट विचारून घ्या नक्की काय झालेलं, बारीक लाल पुरळ का पाणी भरलेले फोड, कारण ही सवलत फक्त कांजिण्यांना आहे. गोवर होऊन गेला असं नुसतं सांगून चालत नाही, त्याला टायटर लागतं.

कोणाला कुठली लस लागते हे वयावर आहे. माझ्यासारख्या तिशी-चाळिशीतल्या लोकांना साधारण एवढं: टीडॅप किंवा टीडी, म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि टीडॅप असेल तर डांग्या खोकला पण; एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड, रुबेला; कांजिण्यांची; हेपटायटिस बी, ही ६० वर्षं पूर्ण होईपर्यंत; आणि फ्लू, पण तो फक्त सीझनमध्ये, १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात मेडिकल असेल तरच. आमचं ऑक्टोबरात होतं त्यामुळे फ्लूची लस लागली, जुलैत गेलेल्या मैत्रिणीला लागली नाही. पोलिओचं आमच्या क्लिनिकने मोठ्यांनाही विचारलं आणि कागद नव्हता म्हणून दोघांना आयपीव्ही दिली, ती सुई असते, डोस पाजायचे थेंब अमेरिकेने २००० सालीच बंद केले. म्हणून फोन कराल तेव्हा पोलिओचं मुद्दाम विचारून ठेवा.

कोविडची लस आता लागत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून सक्तीची होती, यूएससीआयएसने जानेवारी २०२५ मध्ये ती अट काढून टाकली. जुने लेख वाचून लोक अजून कोविनचं सर्टिफिकेट शोधत बसतात, नका शोधू. तसंच एचपीव्ही आणि नागिणीची लस, या एकेकाळी यादीत होत्या, डिसेंबर २००९ मध्ये काढल्या. आणि बीसीजी, म्हणजे टीबीची लस, जिचा व्रण आपल्या सगळ्यांच्या दंडावर आहे, ती यांच्या यादीत कधीच नाही, पण तिचं पुढे टीबीच्या टेस्टमध्ये काम पडतं, येतेच त्यावर.

आईवडिलांचं करत असाल, म्हणजे तुम्ही सिटिझन झालात आणि ते इथे असताना आय-४८५ भरताय, तर त्यांची यादी वेगळी. १९५७ च्या आधी जन्मलेल्यांना एमएमआर लागत नाही, ६० च्या पुढे हेपटायटिस बी लागत नाही, पण वयानुसार न्यूमोकॉकल, म्हणजे न्यूमोनियाची लस, लागू शकते. आणि ती १९५७ ची सूट कांजिण्यांना नाही हं, त्यामुळे सासूबाईंना आधीच विचारून ठेवा. आमच्या सासूबाई डॉक्टरला दंडावरचा देवीचा डाग दाखवून म्हणाल्या ही काय टोचलीये की. देवी यादीत नाही हो आई.

सगळ्यात महत्त्वाचं आणि जे कोणी धड सांगत नाही ते हे की सगळे डोस पूर्ण व्हायची वाट बघायची नसते. हेपटायटिस बी चे तीन डोस सहा महिन्यांत घ्यायचे असतात, ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला की आता सहा महिने थांबायचं आणि तोवर बुलेटिनमधली डेट परत मागे जाऊन आमचा नंबर हुकला तर? पण तसं नाही. मेडिकलच्या वेळी तुमच्या वयाला लागणाऱ्या प्रत्येक लसीचा जो डोस त्या दिवशी देता येण्यासारखा आहे तेवढा एक घेतला की पुरतं. पुढच्या डोसची वेळ अजून झालेली नाही असं डॉक्टर फॉर्मवर खूण करून लिहितो आणि ती सूट आपोआप मिळते, वेगळा अर्ज नाही, फी नाही. मात्र उलटंही खरं आहे, समजा एक डोस दोन वर्षांपूर्वी घेऊन सोडून दिलेला असेल तर पुढच्याची वेळ केव्हाच होऊन गेली, मग तो घ्यावाच लागतो, एक घेतलाय की असं म्हणून सुटका नाही.

म्हणजे अगदी कोरी पाटी असलेला माणूससुद्धा एका दिवसात दोन्ही दंडांत मिळून पाच-सहा सुया टोचून घेऊन लसींचा भाग संपवू शकतो. दुसऱ्या दिवशी हात वर होत नाही ही गोष्ट वेगळी.

तरी सुया घेण्याआधी थोडं शोधा, कारण आपण समजतो त्यापेक्षा जास्त कागद इथेच अमेरिकेत पडलेला असतो. माझा नवरा एमएससाठी आलेला, इथली बहुतेक विद्यापीठं एमएमआरचे डोस दाखवल्याशिवाय रजिस्ट्रेशनच करू देत नाहीत, तेव्हा त्याने पुण्यात निघायच्या आधी घाईघाईत टोचून घेतलेले आणि हे तो साफ विसरलेला. युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट हेल्थला ईमेल केला, चार दिवसात पीडीएफ आलं, दोन एमएमआर आणि मेनिंजायटिसची एक. तुम्ही एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, आला असाल तर सगळ्यात आधी हेच करा, इंडियात फोन लावायच्याही आधी.

मी लग्न होऊन आलेली, मला युनिव्हर्सिटी नाही. पण मला पोरगी इथे झाली आणि बाळंतपणाची फाईल म्हणजे खजिना निघाला. इथे प्रत्येक गरोदरपणात २७ ते ३६ आठवड्यांच्या मध्ये टीडॅप देतात, त्याची तारीख डॉक्टरच्या पोर्टलवर होती, झाली एक लस. रुबेलाची इम्युनिटी पण तपासतात, तो रिपोर्टही होता, पण एकट्या रुबेलाने एमएमआर सुटत नाही, गोवर आणि गालगुंड पण दाखवावे लागतात. आणि इथे एक फसगत होते, गरोदरपणात हेपटायटिस बी ची जी टेस्ट करतात ती बहुतेक वेळा तुम्हाला आजार आहे का हे बघायची असते, प्रतिकारशक्ती आहे का याची नव्हे. "निगेटिव्ह" असा रिपोर्ट घेऊन मी ऐटीत गेले आणि नर्स म्हणाली छान, पण याचा लसीशी काही संबंध नाही.

अजून कुठे बघायचं, तर तुमच्या राज्याच्या लसीकरण रजिस्ट्रीत. न्यू जर्सीत एनजेआयआयएस आहे आणि डॉकेट नावाच्या ॲपवरून तुमची नोंद दिसते, कॅलिफोर्नियात केअर-टू, टेक्सासमध्ये इमट्रॅक-टू, पण टेक्सासचं असं आहे की तुम्ही संमती दिली असेल तरच नोंद ठेवतात, त्यामुळे तिथल्या लोकांना बरेचदा काहीच सापडत नाही. फार्मसीच्या ॲपमध्ये जुने फ्लू शॉट असतात. कधी पायात खिळा गेला, हात कापला आणि अर्जंट केअरला गेला असाल तर तिथे टीडॅप दिलेली असण्याची दाट शक्यता, दहा वर्षांच्या आतली असेल तर चालते. तेच इंडियात पडून-लागून घेतलेलं टीटीचं इंजेक्शन, ज्याचे आपण प्रत्येकाने दहा तरी घेतलेत, त्याचा ना कागद ना उपयोग, कारण त्यात नुसता धनुर्वात असतो, घटसर्प नसतो.

आता इंडियातलं कार्ड. कोणाच्या घरी खरंच असेल तर अभिनंदन, पण आधीच सांगते त्यातून फार अपेक्षा ठेवू नका. आपल्या वयाच्या लोकांना सरकारी दवाखान्यात मिळायची ती बीसीजी, त्रिगुणी, पोलिओचे थेंब आणि गोवर. गालगुंड, कांजिण्या, हेपटायटिस बी हे तेव्हा खाजगी बालरोगतज्ज्ञाकडे पैसे भरून घ्यायचं काम होतं, आणि सरकारी कार्यक्रमात हेपटायटिस बी देशभर यायला २०११ उजाडलं. पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झालं, बूथवर थेंब पाजून करंगळीला शाई लावायचे, कार्डावर कोण लिहितंय. म्हणजे कार्ड सापडलं तरी एमएमआर, कांजिण्या, हेपटायटिस बी यासाठी तुम्ही पुन्हा शून्यावरच.

आणि सापडलेलं कार्ड पण कसं असतं बघा. मेडिकल होऊन गेल्यावर दोन महिन्यांनी भावाला माझं कार्ड खरंच सापडलं, जुन्या रेशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये चिकटून बसलेलं, आईने विजयी मुद्रेने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. त्रिगुणी एक, दोन, तीन, पोलिओ, गोवर, सगळ्यापुढे बरोबरच्या खुणा आणि तारीख एकाही ठिकाणी नाही. तारीख नसेल तर ती नोंद धरत नाहीत. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

तारखा असतील तर मराठी किंवा हिंदी कार्डाचं इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि मूळ कार्डासोबत न्या. त्यात त्रिगुणी म्हणजे डीपीटी असं स्पष्ट लिहा, मुलांच्या कार्डावर पेंटाव्हॅलंट असेल तर त्यात डीपीटी, हेपटायटिस बी आणि हिब असं पाचही आहे ते लिहा, नाहीतर इथल्या नर्सला ते एकच वाटतं. आणि महिना आकड्यात लिहू नका, अक्षरात लिहा. आपलं ५/८ म्हणजे पाच ऑगस्ट, त्यांचं ५/८ म्हणजे आठ मे, आणि लसींमध्ये दोन डोसमधलं अंतर मोजतात तेव्हा या तीन महिन्यांनी एक डोस चक्क बाद होऊ शकतो.

इंडियात जन्मलेली मुलं सोबत असतील तर अजून दोन गोष्टी बघा. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने जी एमआर लस आली तिच्यात गालगुंड नाही, त्यामुळे एमआर घेतलेल्या मुलाला इथे एमएमआर परत लागते. आणि १ एप्रिल २०१६ नंतर पाजलेले पोलिओचे थेंब इथे धरत नाहीत, कारण त्यानंतरच्या थेंबात पोलिओच्या विषाणूच्या तीनातला एक प्रकार नसतो, आयपीव्हीची सुई असेल ती धरतात. पण मूल इथल्या शाळेत आधीच जात असेल तर शाळेने हे सगळं आधीच करून घेतलेलं असतं, शाळेच्या नर्सकडून प्रिंट घ्या आणि निवांत व्हा.

एक अगदी स्पष्ट बोलते. "आपले ओळखीचे डॉक्टर आहेत, मागची तारीख टाकून लेटरहेडवर लिहून देतील" हे सुचवणारा एक तरी काका प्रत्येकाला असतो. डॉक्टरच्या जुन्या रजिस्टरमध्ये खरी नोंद असेल आणि त्यावरून त्यांनी लिहून दिलं तर ते रास्त आहे, जरूर आणा. पण नसलेली लस लिहून घेणं म्हणजे इमिग्रेशनच्या कागदात खोटं बोलणं, आणि त्याची शिक्षा लस चुकवण्यापेक्षा भयंकर आहे, ग्रीन कार्डच कायमचं अडू शकतं. चार सुयांसाठी बारा वर्षांची रांग पणाला लावायची?

टायटर करायचं का सरळ लस घ्यायची, हा पुढचा प्रश्न, आणि यावर माझं मत ठाम आहे: बहुतेकांनी सरळ लस घ्यावी. टायटर चालतं ते गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, हेपटायटिस ए-बी अशांना, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्यासाठी टायटर दाखवून सुटका नाही, ती सुई घ्यायचीच. एमएमआरसाठी तीन वेगळे टायटर लागतात आणि तिन्हींपैकी एक जरी निगेटिव्ह आला, गालगुंडाचा येतोच बरेचदा, की परत एमएमआर घ्या, म्हणजे रक्ताचे पैसे गेले आणि आठवडाही गेला. शिवाय बहुतेक इन्शुरन्स लस प्रिव्हेंटिव्ह म्हणून फुकट देतात पण टायटरचं बिल डिडक्टिबलमध्ये टाकतात, म्हणजे ते आपल्याच खिशातून जातं. आधी घेतलेली लस परत घेतली तर अपाय होईल का असं सगळे विचारतात, तर एमएमआर किंवा कांजिण्यांचा जादा डोस आधीच इम्युनिटी असलेल्या माणसाला घातक नसतो.

टायटर कोणी करावं? ज्यांना हेपटायटिस बी चे पूर्ण डोस कधीतरी झालेत पण कागद नाही, उदाहरणार्थ इंडियात हॉस्पिटलमध्ये किंवा लॅबमध्ये काम केलेले लोक. आणि ज्यांना जिवंत लस देता येत नाही ते. एमएमआर आणि कांजिण्यांची या जिवंत लसी आहेत, गरोदर बाईला देत नाहीत, कॅन्सरच्या उपचारांमुळे किंवा औषधांमुळे प्रतिकारशक्ती खूप कमी असेल तरी देत नाहीत. अशा वेळी डॉक्टर फॉर्मवर वैद्यकीय कारण अशी खूण करतो, त्यालाही वेगळा अर्ज लागत नाही. दिवस राहिल्याची नुसती शंका असली तरी सुई घ्यायच्या आधी सांगा, आणि एमएमआर घेतल्यावर महिनाभर तरी चान्स घेऊ नका. धर्म किंवा तत्त्व म्हणून लसच नको असेल तर मात्र आय-६०१ नावाचा वेगळा अर्ज भरून सूट मागावी लागते, तो लांबचा आणि महागाचा रस्ता, त्याला वकील गाठा.

आता मी केलेली चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. वकिलाचा ईमेल आला त्याच संध्याकाळी मी उत्साहात फार्मसीत जाऊन एमएमआर घेऊन आले, म्हटलं चला एक तरी काम उरकलं. दोन आठवड्यांनी सिव्हिल सर्जनकडे गेले तर तो म्हणाला आता तुझं टीबीचं रक्त मी घेऊ शकत नाही. कारण जिवंत लस घेतल्यावर काही आठवडे टीबीच्या टेस्टचा निकाल बिघडू शकतो, त्यामुळे रक्त एकतर त्याच दिवशी घ्यायचं नाहीतर किमान ४ आठवडे थांबायचं. मी थांबले. नवरा मजेत बघत होता.

म्हणून क्रम असा ठेवा: टीबीचं रक्त आधी किंवा त्याच दिवशी, आणि मग जिवंत लस. आणि एमएमआर व कांजिण्या दोन्ही घ्यायच्या असतील तर एकाच दिवशी घ्या, कारण एक आज घेतली आणि दुसरी राहिली तर मध्ये २८ दिवस जावे लागतात. बाकीच्या, टीडॅप, हेपटायटिस बी, फ्लू, आयपीव्ही, या केव्हाही कशाही घ्या, त्यांचं असं काही नाही. म्हणजे मेडिकलच्या आधीच काही उरकायची घाई असेल तर या चार आधी फार्मसीत घेऊन टाका आणि जिवंत दोन मेडिकलच्या दिवसासाठी ठेवा.

टीबीचं रक्त म्हणजे क्वांटिफेरॉन किंवा टी-स्पॉट, दोन वर्षांवरच्या सगळ्यांना. पूर्वी हातावर टोचून गाठ मोजायचे, त्यात बीसीजीमुळे आपली अर्धी जनता पॉझिटिव्ह यायची. रक्ताच्या टेस्टवर बीसीजीचा परिणाम होत नाही, त्यामुळे ही पॉझिटिव्ह आली तर "अहो बीसीजीमुळे असेल" हे चालत नाही, छातीचा एक्सरे काढायला पाठवतात. घाबरू नका पण, आपल्याकडे टीबीचा संसर्ग आयुष्यात कधीतरी होऊन शरीरात निपचित पडलेला असणं फार कॉमन आहे, एक्सरे स्वच्छ असेल आणि काही लक्षणं नसतील तर ग्रीन कार्ड अडत नाही. आरोग्य खात्याला कळवतात आणि गोळ्यांचा कोर्स सुचवतात, तो घेणं शहाणपणाचं. याशिवाय १८ ते ४४ वयात सिफिलिसचं रक्त आणि १८ ते २४ मध्ये गनोरियाची लघवीची टेस्ट, सगळ्यांचीच करतात, मनाला लावून घेऊ नका.

पैशाचं सांगायचं तर सिव्हिल सर्जनची फी सरकार ठरवत नाही, ज्याला जे वाटेल ते. पाच ठिकाणी फोन करा, आकडे ऐकून थक्क व्हाल. फोनवर नुसतं "मेडिकल कितीला" विचारू नका, त्यात टीबीचं रक्त धरलंय का, एक्सरे लागला तर वेगळा का, लस तुमच्याकडेच घ्यावी लागेल का बाहेरून घेऊन आलेलं चालेल, बाहेरच्या लॅबचं टायटर चालेल का, दुसऱ्यांदा यावं लागलं तर परत फी का, हे सगळं विचारा आणि जमलं तर ईमेलवर लिहून घ्या. एका क्लिनिकने आम्हाला फोनवर एक आकडा सांगितला आणि काउंटरवर लसींसकट जवळजवळ दुप्पट, आम्ही पाया पडून बाहेर आलो. मेडिकलची फी इन्शुरन्स सहसा देत नाही, लस मात्र देतो, म्हणून हुशारी यात आहे की लस आपल्या डॉक्टरकडे किंवा नेटवर्कमधल्या फार्मसीत घ्यायची, आणि रेकॉर्ड सिव्हिल सर्जनला दाखवायचं. जिवंत लसींचं मात्र वर सांगितलेलं गणित सांभाळून, म्हणजे सकाळी क्लिनिकला रक्त द्यायचं आणि तिथूनच फार्मसीत जाऊन दंड पुढे करायचे, नवऱ्याने कांजिण्यांचं असंच केलं. इन्शुरन्स नसेल तर काउंटीच्या हेल्थ डिपार्टमेंटला विचारा, बऱ्याच ठिकाणी लसी स्वस्तात मिळतात.

त्या दिवशी पासपोर्ट न्या, सगळी रेकॉर्ड्स झेरॉक्ससकट, चालू औषधांची नावं, पूर्वी टीबीचे उपचार झाले असतील तर त्याचे कागद. फॉर्मची चालू आवृत्ती यूएससीआयएसच्या साइटवरून घ्या, जुनी आवृत्ती परत येते. तुमचा भाग भरून न्या पण सही करू नका, ती डॉक्टरसमोर करायची असते. आणि डॉक्टर सही करेल त्याच्या आधी प्रत्येक लसीचा रकाना स्वतः बघा, लाजू नका. माझ्या फॉर्मवर टीडॅपची तारीख चुकून पोरीच्या जन्मानंतरची पडलेली, तिथल्या तिथे दुरुस्त झाली. एखाद्या लसीची ओळ पूर्ण कोरी राहिली, ना तारीख ना सवलतीची खूण, की काही महिन्यांनी यूएससीआयएसची नोटीस हमखास.

मग ते पाकीट. डॉक्टर फॉर्म पाकिटात घालून सील करून देतो, ते उघडायचं नाही म्हणजे नाही, उघडलं की बाद. त्याआधी स्वतःसाठी एक कॉपी मागून घ्या, ती द्यायचीच असते. वकिलाकडे पाठवताना वर चिठ्ठी चिकटवा की उघडू नका, मी ठळक मार्करने लिहिलेलं कारण ऑफिसातल्या पोराने सवयीने लेटर ओपनर चालवला तर काय घ्या. डिसेंबर २०२४ पासून आय-६९३ बहुतेकांना आय-४८५ सोबतच पाठवावा लागतो, नंतर मागतील तेव्हा बघू हे आता चालत नाही. आणि जून २०२५ च्या नियमाप्रमाणे हा फॉर्म ज्या अर्जासोबत दिला तो अर्ज चालू आहे तोवरच वैध, अर्ज मागे घेतला किंवा नाकारला गेला तर नव्या अर्जाला नवं मेडिकल, त्यामुळे नोकरी बदलण्याचा वगैरे विचार असेल तर वकिलाशी आधी बोला. सुया मात्र परत खाव्या लागत नाहीत, ती कॉपी दाखवली की त्या तारखा धरतात, म्हणून कॉपी जपा, फोटो काढून दोन-तीन ठिकाणी ठेवा.

राहता राहिले उरलेले डोस. हेपटायटिस बी चा दुसरा महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी, हेप्लिसाव नावाची मिळाली तर महिनाभराच्या अंतराने दोनच, कांजिण्यांचा आणि एमएमआरचा दुसरा निदान चार आठवड्यांनी. फॉर्मसाठी आता कोणी विचारत नाही पण घ्या, फुकट आहेत. मी फ्रिजवर तारखा लावून ठेवल्यात, नवऱ्याच्या कांजिण्यांचा दुसरा डोस येत्या शनिवारी आहे आणि तो आतापासूनच कारणं शोधतोय.